विल्यम हॉवर्ड रसेल : बातमीची खातरजमा करणारा बातमीदार



आपल्या वार्तापत्रात थोरामोठ्यांची चरित्रे येतात, तेव्हा बहुधा एखादे संत, सेनापती किंवा शास्त्रज्ञ आपल्यासमोर उभे राहतात. या वेळी आम्ही एका बातमीदाराचे चरित्र देत आहोत, आणि तेही एका आयरिश माणसाचे. त्याचे कारण सांगतो. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या चार दिवसांत शाळेच्या आवारात रोज नवी बातमी येत होती. कराचीचे बंदर उद्ध्वस्त झाले असे काही वाहिन्यांनी सांगून टाकले आणि ते तसे नव्हते. संगणकावरील खेळातली दृश्ये खऱ्या लढाईची म्हणून मोबाईलवरून फिरली व त्यांचे खंडन सरकारी माहिती खात्याला करावे लागले. पालकांकडूनही ती दृश्ये आम्हांला आली, हे इथे नमूद करण्यास हरकत नसावी. वरच्या वर्गातील मुले विचारीत होती की यातले खरे कोणते धरायचे. त्या प्रश्नाला एका ओळीचे उत्तर नाही. पण हाच प्रश्न ज्याने जन्मभर निरनिराळ्या रणांगणांवर जाऊन सोडवला, त्याची गोष्ट आहे, आणि तिच्यात कानपूर आहे, लखनौ आहे, नानासाहेब पेशव्यांचा वकीलही आहे.

विल्यम हॉवर्ड रसेल यांचा जन्म डब्लिनजवळच्या टाला गावी १८२० साली झाला. घरची स्थिती ओढाताणीची होती. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ते शिकले, परंतु पदवी न घेताच बाहेर पडले. १८४१ मध्ये आयर्लंडमध्ये निवडणूक होती आणि लंडनच्या ‘द टाइम्स’साठी काम करणाऱ्या एका नातलगाने त्यांना मदतीला घेतले. आयरिश निवडणूक म्हणजे त्या काळी सभा कमी आणि काठ्या जास्त. एका गावी दोन्ही पक्षांत मारामारी झाली. किती जखमी झाले, सुरुवात कोणी केली, याबद्दल जो तो आपल्या सोयीचे सांगत होता. एकवीस वर्षांच्या रसेल यांनी पुढाऱ्यांचा नाद सोडला आणि सरळ गावातील इस्पितळ गाठले. दोन्हीकडची डोकी तिथेच बांधली जात होती! एकाच छपराखाली त्यांना दोन्ही बाजूंची हकीकत मिळाली आणि जखमी मोजता आले. आमच्या मते त्यांची सगळी पत्रकारिता या एका युक्तीत आहे.

पुढची एक फजितीही सांगण्यासारखी आहे. १८४४ मध्ये आयरिश पुढारी डॅनियल ओकॉनेल यांच्यावर डब्लिनमध्ये खटला चालला. निकाल लागताच रसेल खास आगबोटीने आणि मग रेल्वेने लंडनला धावले. ‘टाइम्स’च्या दाराशी एक माणूस नुसत्या शर्टावर उभा होता. छापखान्यातलाच कोणी कामगार असावा असा त्याचा अवतार. त्याने सहज निकाल विचारला आणि थकलेल्या रसेल यांनी दोषी ठरल्याचे सांगून टाकले. तो माणूस प्रतिस्पर्धी ‘मॉर्निंग हेरल्ड’चा होता. बातमी काढून घेणाऱ्यालाच कोणी गोड बोलून बातमी काढून घेतली. हा धडा त्यांना आयुष्यभर पुरला.

१८५३ मध्ये रशिया व तुर्कस्तान यांच्यात युद्ध पेटले आणि मार्च १८५४ मध्ये इंग्लंड-फ्रान्स तुर्कांच्या बाजूने त्यात उतरले. वॉटर्लूनंतर जवळजवळ ४० वर्षे इंग्रजांनी युरोपात मोठे युद्ध पाहिले नव्हते. बॅंड वाजत होते, फुले उधळली जात होती. तोवर युद्धाची बातमी म्हणजे सेनापतीने धाडलेला खलिता, किंवा परदेशी वर्तमानपत्रांतून उचललेले उतारे. ‘टाइम्स’चे संपादक जॉन डेलेन यांनी रसेल यांनाच पलटणींबरोबर पाठवले. लष्कराला हा पाहुणा मुळीच नको होता. सुरुवातीला ना शिधा, ना तंबू. सरसेनापती लॉर्ड रॅग्लन यांनी त्यांची दखल घेण्याचेच टाळले. रसेल मात्र गप्पिष्ट, खाण्यापिण्याचे शौकीन आणि गाणी म्हणणारे. कनिष्ठ अधिकारी आणि शिपाई त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत. लढाई संपली की ते दहा जणांना दहा ठिकाणी गाठून विचारीत, आणि प्रत्येकाची हकीकत निराळी निघते हे पाहून चकित होत. लढाईत असलेला माणूस खोटे बोलत नसतो. त्याला त्याच्या कोपऱ्यातलेच तेवढे दिसलेले असते. हे वाक्य मुलांनी दोनदा वाचावे असे आम्हांला वाटते.

२० सप्टेंबर १८५४ रोजी आल्मा नदीकाठी दोस्त फौजा जिंकल्या. त्यापाठोपाठ एक विलक्षण प्रकार घडला. ऑक्टोबरच्या आरंभी युरोपभर बातमी पसरली की सेव्हास्तोपोलचा किल्लाही पडला. या बातमीचे मूळ काय, तर एका तातार स्वाराच्या तोंडून आलेली खबर. लंडनच्या वर्तमानपत्रांनी, त्यात ‘टाइम्स’ही आला, ती छापली. फ्रान्सच्या बादशहाने आपल्या सैन्यासमोर ती जाहीर केली. लोकांना युद्ध लवकर संपायला हवे होते, म्हणून ती सर्वांना पटली. प्रत्यक्षात सेव्हास्तोपोल पडायला सप्टेंबर १८५५ उजाडला, म्हणजे जवळजवळ एक वर्ष! त्या वर्षात काय झाले ते रसेल यांच्या पत्रांनी सांगितले.

२५ ऑक्टोबरला बालाक्लावा येथे चुकीच्या हुकमामुळे सुमारे ६७० घोडेस्वार तोफांच्या तोंडी गेले. रसेल टेकडीवरून ते पाहत होते. टेनिसनची प्रसिद्ध कविता वर्तमानपत्रातील वृत्तान्त वाचूनच सुचलेली आहे. पण खरा हाहाकार त्यानंतर झाला. १४ नोव्हेंबरच्या वादळात हिवाळी कपडे घेऊन आलेले जहाज बुडाले. बालाक्लावाच्या बंदरात माल पडून सडत होता आणि काही मैलांवरच्या छावणीत शिपाई उपाशी होते, कारण मधला रस्ता चिखलाचा झाला होता आणि ओझी वाहणारी जनावरे मरत होती. शिपायांना कॉफी मिळे ती हिरव्या, न भाजलेल्या बियांच्या रूपात. त्या युद्धात इंग्रजांचे सुमारे २१ हजार लोक गेले आणि त्यांतले बहुतेक गोळीने नव्हे, तर कॉलरा, हगवण आणि तापाने. रसेल यांनी हे सर्व लिहिले.

इथे एक प्रचलित समज दुरुस्त करायला हवा. स्कुटारीच्या इस्पितळांची दुर्दशा रसेल यांनी उजेडात आणली असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. त्या बातम्या मुख्यतः ‘टाइम्स’चेच कॉन्स्टंटिनोपलमधील बातमीदार थॉमस चेनरी यांच्या होत्या. त्या वाचून लोकांनी वर्गणी जमवली, आणि ३८ परिचारिकांसह फ्लॉरेन्स नाइटिंगेल नोव्हेंबर १८५४ मध्ये तिथे पोहोचल्या. रसेल यांचे मोठेपण एवढे आहे की दुसऱ्याचे श्रेय त्यांच्या खात्यात टाकण्याची गरज नाही.

सरकारची बाजू अशी की हा मनुष्य अतिरंजित लिहितो आणि शत्रूला फायद्याची माहिती पुरवतो. दुसरा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. ‘टाइम्स’चा अंक रशियनांनाही वाचायला मिळत होता. तोफा कुठे, दारूगोळा किती, हे छापणे चूकच. पुढे फेब्रुवारी १८५६ मध्ये सेनापती कॉड्रिंग्टन यांनी अशा मजकुरावर बंदीचा हुकूम काढला. पहिल्या आक्षेपाचे उत्तर मात्र रसेल यांनी द्यायचे नव्हतेच. शिपायांची घरी आलेली पत्रे गावोगावच्या वर्तमानपत्रांत छापून येऊ लागली आणि ती रसेल यांच्याशी जुळली. एक साक्षीदार खोटा असू शकतो, पण एकमेकांना न भेटलेली शेकडो माणसे तीच गोष्ट सांगतात तेव्हा सरकारला उत्तर द्यावे लागते. जानेवारी १८५५ च्या अखेरीस पार्लमेंटमध्ये चौकशीचा ठराव ३०५ विरुद्ध १४८ मतांनी संमत झाला आणि ॲबरडीन यांचे मंत्रिमंडळ गेले. त्या काळी जनमत मोजण्याची आजच्यासारखी सर्वेक्षणे नव्हती. वर्गणीचे आकडे, संपादकाला येणारी पत्रे आणि पार्लमेंटमधले मतदान, यांवरूनच वारा कळायचा.

रसेल यांनी सगळा दोष एकट्या रॅग्लन यांच्यावर घातला, हे मात्र आम्हांला पटत नाही. रसद पुरवणारे खाते लष्कराच्या नव्हे, तर अर्थखात्याच्या हाताखाली होते. दोष त्या व्यवस्थेचा अधिक होता.

त्याच युद्धात १८५५ मध्ये रॉजर फेंटन यांनी शेकडो छायाचित्रे काढली. त्यांत मेलेला शिपाई एकही नाही. तोफगोळ्यांनी भरलेल्या एका दरीची त्यांची दोन छायाचित्रे आहेत. एकात गोळे रस्त्यावर पसरलेले, दुसऱ्यात रस्ता मोकळा. गोळे मुद्दाम आणून मांडले की काय, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. छायाचित्र म्हणजे पुरावा असे म्हणणाऱ्यांनी ही जोडी जरूर पाहावी.

याच छावणीत एक हिंदी माणूस येऊन गेला. दुसऱ्या बाजीरावांना इंग्रजांकडून सालिना आठ लाखांचे पेन्शन होते. ते १८५१ मध्ये वारले आणि कंपनीने दत्तकपुत्र नानासाहेबांचे पेन्शन बंद केले. दाद मागायला नानासाहेबांनी बिठूरहून अजीमुल्ला खान यांना विलायतेस धाडले. तिथे नकार मिळाला. परतताना अजीमुल्लांना कळले की १८ जून १८५५ च्या हल्ल्यात सेव्हास्तोपोलपुढे इंग्रज-फ्रेंचांनी मार खाल्ला, आणि ते मुद्दाम वाट वाकडी करून ते दृश्य पाहायला गेले. कॉन्स्टंटिनोपलच्या हॉटेलात आणि नंतर छावणीत रसेल यांची व त्यांची गाठ पडली. इंग्रजांचे लष्कर अजिंक्य आहे, हा तर सर्वांत मोठा दावा. तो दावा अजीमुल्ला स्वतःच्या डोळ्यांनी तपासत होते. रसेल यांना त्या वेळी याचा अर्थ कळला नाही. दोन वर्षांनी कळला.

१८५७ मध्ये हिंदुस्थानात उठाव झाला आणि लंडनच्या वर्तमानपत्रांत भयंकर बातम्यांचा पूर आला. इंग्रज स्त्रियांची विटंबना, अवयव तोडणे, एकाहून एक भीषण गोष्टी. बहुतेक ऐकीव, तिसऱ्याने चौथ्याला लिहिलेल्या पत्रांतून आलेल्या. देशभर सूडाची मागणी झाली. गव्हर्नर जनरल कॅनिंग सरसकट सूडाला तयार नव्हते, म्हणून दयाळू कॅनिंग अशी त्यांची कुचेष्टा झाली. जानेवारी १८५८ मध्ये रसेल कलकत्त्यास उतरले. सरसेनापती कॉलिन कॅम्पबेल यांनी त्यांना सर्व कागद दाखवण्याचे कबूल केले. अट एकच, की छावणीत कोणापाशी बोलायचे नाही, काय लिहायचे ते इंग्लंडला लिहावे. क्रिमियात जे मिळाले नाही ते इथे मिळाले.

रसेल जाईल तिथे विचारीत गेले. अमुक प्रकार आपण स्वतः पाहिला का? नाही तर ज्याने पाहिला त्याचे नाव काय? उत्तरे पांगत जात. ज्याला विचारावे तो दुसऱ्या गावाचे नाव घेई आणि त्या गावचा माणूस तिसऱ्या गावचे. आग्र्याचे अधिकारी विल्यम म्यूर यांनीही चौकशी केली होती आणि विटंबनेच्या कथांना आधार सापडला नव्हता.

मग कानपूर. बिबीघरात जुलै १८५७ मध्ये सुमारे २०० इंग्रज स्त्रिया व मुले मारली गेली. हे घडले, ते भयानक होते, आणि रसेल यांनी ते कुठेही सौम्य केले नाही. पण त्या घराच्या भिंतींवर बळी गेलेल्या स्त्रियांनी सूड घेण्याची विनवणी लिहून ठेवली आहे, असे इंग्लंडभर सांगितले जात होते. शिपाई ते वाचून पेटत होते. रसेल यांनी शोध घेतला तेव्हा कळले की हॅवलॉकची फौज प्रथम आत शिरली त्या वेळी भिंतीवर असे काही नव्हते. तो मजकूर नंतर कोणीतरी लिहिला होता. विचार करा, दुःख खरे आणि भिंतीवरचे अक्षर खोटे. दोन्ही गोष्टी एकाच खोलीत. खऱ्या दुःखाला चिकटलेली खोटी गोष्ट नाकारायला फार धैर्य लागते, कारण ती नाकारणारा निर्दय ठरतो.

दुसरी बाजूही त्यांनी सोडली नाही. अलाहाबादहून कानपूरकडे जाणाऱ्या इंग्रज तुकडीने दोन दिवसांत रस्त्याकडेला ४२ माणसे फासावर दिली, आणि त्यांतील १२ जण केवळ त्यांची तोंडे नको त्या दिशेला होती म्हणून, हे त्यांना एका अधिकाऱ्याकडून कळले आणि त्यांनी ते आपल्या रोजनिशीत नोंदवले. लखनौला मार्च १८५८ मध्ये कैसरबागेची लूट त्यांनी पाहिली व लिहिली. दिल्लीत कैदेतल्या बहादूरशहांना ते भेटले. लंडनच्या कल्पनेतला तो महाकारस्थानी बादशहा म्हणजे एक आजारी, मंद नजरेचा म्हातारा निघाला. ज्यांचे राज्य आपण घेतले त्यांना कृतघ्न कसे म्हणावे, असा विचार रसेल यांनी मांडला.

मे १८५८ मध्ये बरेलीजवळ ते स्वतः मरता मरता वाचले. घोड्याच्या लाथेने पाय दुखावला होता म्हणून डोलीत पडून होते. शत्रूचे स्वार आले तेव्हा नुसत्या सदऱ्यावर घोड्यावर चढले आणि उन्हाने बेशुद्ध पडले. त्यामुळे जूनमध्ये झाशीच्या राणींनी आमच्या ग्वाल्हेरला देह ठेवला, तेव्हा रसेल इकडे नव्हते. ते असते तर काय लिहिते, हे आम्हांला नेहमी वाटते.

हेही स्पष्ट सांगतो की रसेल इंग्रजी राज्याच्या विरुद्ध नव्हते. ते राज्य राहावे असेच त्यांना वाटे. त्यांचा राग क्रौर्यावर आणि खोटेपणावर होता. त्यांच्या पत्रांनी इंग्लंडमधील सूडाची भाषा उतरायला हातभार लागला.

मार्च १८६१ मध्ये ते अमेरिकेत पोहोचले. उत्तर आणि दक्षिण यांत फूट पडलेली, युद्ध तोंडावर. वॉशिंग्टनला त्यांनी लिंकन यांची भेट घेतली, मग दक्षिणेत जाऊन जेफरसन डेव्हिस यांनाही भेटले. दोन्हीकडची डोकी एका छपराखाली नव्हती, म्हणून ते दोन्ही छपरांखाली गेले. न्यूयॉर्कच्या बड्या लोकांत त्यांना आधी उदासीनता दिसली. दक्षिण जाते तर जाऊ द्या, असा सूर. एप्रिलमध्ये सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि जुलैत ते न्यूयॉर्कला परतले, तेव्हा तीच माणसे युद्धासाठी पेटलेली होती. जनमत अडीच-तीन महिन्यांत उलटे झाले होते. म्हणून आम्ही म्हणतो की जनमताचा अंदाज सांगताना त्याच्यावर तारीख घालावी. दक्षिणेत बागाईतदारांची खात्री होती की कापसासाठी इंग्लंड आपल्यापुढे वाकेलच. रसेल यांनी ती खात्री नोंदवली आणि तिच्यावर शंकाही घेतली. माँटगोमेरीत त्यांनी गुलामांचा लिलाव पाहिला आणि त्यांचे मन दक्षिणेवरून कायमचे उडाले. गंमत अशी की ‘टाइम्स’चे अग्रलेख दक्षिणेकडे झुकत होते आणि त्याच पत्राच्या बातमीदाराची पत्रे दुसरे सांगत होती.

उत्तरेतले ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ दक्षिणेच्या राजधानीवर चालून जा असा घोष रोज छापत होते. तीन महिन्यांच्या करारावर भरती केलेल्या कच्च्या सैन्याला अशा दडपणाखाली पुढे ढकलण्यात आले. २१ जुलै १८६१, रविवार. वॉशिंग्टनहून लोक फराळाचे डबे घेऊन लढाई बघायला गेले! रसेल दुपारी तिथे पोहोचले. टेकडीवर असताना एक अधिकारी घोडा फेकत आला आणि विजय झाल्याचे ओरडून सांगू लागला. लोकांनी जयजयकार केला. रसेल पुढे निघाले, स्वतः पाहायला. थोड्याच वेळात समोरून गाड्या, घोडे, बंदुका टाकून पळणारे शिपाई असा लोंढा त्यांच्यावर आला. बुल रनची लढाई उत्तरेने गमावली होती.

रसेल यांनी पळापळ लिहिली. प्रत्यक्ष लढाई आपण पाहिलेली नाही, हेही लिहिले. अटलांटिकपलीकडे तेव्हा चालू तारायंत्र नव्हते, पत्र बोटीने लंडनला गेले आणि छापील अंक बोटीने ऑगस्टमध्ये परत आला. तोवर अमेरिकेच्या स्वतःच्या वर्तमानपत्रांनी पराभवाची वर्णने दिलेली होती. परक्याने लिहिलेले मात्र सोसवले नाही. त्यांचे नाव बुल रन रसेल पडले, शिव्यांची आणि धमक्यांची पत्रे आली. भर म्हणून त्यांच्या हातून एक चूकही झाली. इंग्लंड-अमेरिका यांत त्या वर्षाअखेर युद्धाचा प्रसंग आला होता. तो टळतो आहे असा सूचक तारा त्यांनी न्यूयॉर्कच्या एका मित्राला केला. तो बाहेर फुटला आणि शेअर बाजारात पैसा करण्याचा आरोप त्यांच्यावर आला. बातमीदाराने मित्राला आधी कळवणे बरोबर नव्हते, एवढे आम्ही म्हणू. एप्रिल १८६२ मध्ये युद्धमंत्री स्टॅंटन यांनी त्यांना सैन्याबरोबर जाऊ दिले नाही आणि ते मायदेशी परतले.

पुढची वर्षे थोडक्यात. १८६६ चे प्रशिया-ऑस्ट्रिया युद्ध, १८७०-७१ चे फ्रान्स-प्रशिया युद्ध त्यांनी पाहिले. पण आता तारेचे युग आले होते. सावकाश विचारपूस करून लांब पत्र लिहिणारे रसेल तरुण वार्ताहरांपुढे मागे पडू लागले. १८७५-७६ मध्ये ते युवराजाबरोबर पुन्हा हिंदुस्थानात आले. त्या दौऱ्यात जयाजीराव शिंद्यांचे ग्वाल्हेरही होते. आपण सहलीला जातो तो जयविलास महाल तेव्हा अगदी नवा होता. १८९५ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला आणि फेब्रुवारी १९०७ मध्ये लंडनला त्यांचा मृत्यू झाला.

लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या तळघरात त्यांचे स्मारक आहे. त्यावर त्यांना पहिले युद्धवार्ताहर म्हटले आहे. हा दावाही तपासला तर पुरता टिकत नाही. ‘टाइम्स’नेच १८०७-०८ मध्ये हेन्री क्रॅब रॉबिन्सन यांना युद्धाच्या बातम्यांसाठी युरोपात धाडले होते आणि १८४६-४८ च्या मेक्सिको युद्धात अमेरिकेचे जॉर्ज केंडल सैन्याबरोबर होते.

रसेल यांची हिंदुस्थानातील रोजनिशी ‘माय डायरी इन इंडिया’ १८६० मध्ये दोन खंडांत निघाली. इंग्रजी जुन्या वळणाचे आहे. आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून शिकलेलो असल्याने शब्दकोश शेजारी घेऊनच ती वाचली. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी निदान कानपूर व लखनौची पाने वाचावीत, आणि वाचताना रसेल कुठे स्वतः पाहिलेले सांगतात व कुठे ऐकलेले, तिथे पेन्सिलीने दोन निराळ्या खुणा कराव्यात.